माशी चावल्यावर अंगावर पित्त उठले, तर मधपेट्या ठेवाव्यात का?

सांगोला तालुक्यातील एका डाळिंब उत्पादक ताईंनी विचारले आहे. त्यांच्या बागेत परागीभवनासाठी दोन वर्षांपासून मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, पेट्या आहेत. पहिल्या वर्षी माशी चावली की थोडी आग व्हायची आणि संध्याकाळपर्यंत सगळे उतरायचे. मधले काही महिने पेट्या दुसऱ्या मधपाळाकडे होत्या. यंदा हस्त बहाराला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या फुलोऱ्याला, पेट्या परत आल्या आणि मनगटावरच्या एकाच डंखाने हात कोपरापर्यंत सुजला, तीन दिवस तसाच राहिला. गेल्या आठवड्यात मानेवर एक माशी चावली. दहाएक मिनिटांत पोटावर, मांड्यांवर पित्ताच्या गांधी उठल्या, पोटात कळा आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. तासाभराने ते ओसरले. घरचे आणि एक जुने मधपाळ म्हणतात, "दहा-वीस डंख खाल्ले की अंग सरावते." सासूबाई पेट्यांच्या जवळही जात नाहीत, तरी अंगणात त्यांना एक माशी चावली आणि डोळा दोन दिवस उघडत नव्हता. पेट्या ठेवाव्यात की काढून टाकाव्यात, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आधी निर्णय सांगतो, कारणे मागाहून. डॉक्टरांकडे जाऊन तपासणी होईपर्यंत तुम्ही स्वतः पेटी उघडायची नाही. जाळी, हातमोजे, पूर्ण पोशाख असला तरी नाही. बहार चालू आहे, माश्यांची गरज आहे, हे मला कळते. पण पेट्यांची पाहणी दुसरे कोणी करू शकते. दोन-तीन आठवडे पेटी उघडली नाही म्हणून वसाहत मरत नाही, आणि परागीभवन तर पेटी न उघडताही चालू राहते.

आता कारणे. तुम्ही दोन त्रास एकापाठोपाठ एक लिहिले आहेत, म्हणजे तुमच्या मनात ते एकाच रेषेवर आहेत: आधी थोडी सूज, मग जास्त सूज, मग त्याहून जास्त. बहुतेक मधपाळ असेच धरून चालतात. पण मनगटाची सूज आणि पोटा-मांड्यांवरच्या गांधी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूज किती मोठी आली किंवा किती दुखले यावरून धोका ठरत नाही. चावले कुठे आणि त्रास झाला कुठे, एवढेच पाहायचे. मनगटावर चावले आणि सूज मनगटापासून सलग कोपरापर्यंत चढली, तर ती कितीही भयानक दिसली तरी स्थानिकच. मानेवर चावले आणि गांधी मांडीवर उठल्या, तर त्रास डंखाच्या जागेपासून सुटून सगळ्या शरीरात गेला. तुमच्या बाबतीत त्वचेबरोबर पोटात कळा आल्या, अंधारीही आली. शरीराच्या दोन-तीन संस्था एकाच वेळी बिघडल्या, तर डॉक्टर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. तो आपोआप ओसरला म्हणून त्याचे नाव बदलत नाही. तो या वेळी ओसरला, पुढच्या वेळी ओसरेलच असे कोणी सांगू शकत नाही.

माझे मधमाश्यांसोबत आयुष्य गेले आहे, आधी घाटावर सातेरी ही आपली देशी माशी आणि नंतर पठारावर मेलिफेरा. मी डॉक्टर नाही. खाली औषधांविषयी जे लिहितो ते डॉक्टरांशी बोलताना तुम्हाला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून.

डंखात काय घडते ते एकदा नीट पाहून ठेवा. जाड कातडी हातमोज्यावर माशीने डंख मारला की नांगी तिथेच अडकते आणि माशी उडताना तिच्या पोटाचा शेवटचा भाग तुटून मागे राहतो. हातमोजा उन्हात धरून जवळून पाहिले तर पांढुरकी, मोहरीहून लहान विषाची पिशवी दिसते. माशी निघून गेलेली असते, तरी ती पिशवी आकुंचन पावत राहते आणि नांगीचे दोन बारीक काटे आळीपाळीने आत सरकत राहतात. म्हणजे चावणे संपलेले नसते, ते चालू असते. मेलिफेराच्या पिशवीतले सुमारे नव्वद टक्के विष पहिल्या २० सेकंदांत शरीरात जाते आणि मिनिटभरात पिशवी रिकामी होते. म्हणून नांगी नखाने खरवडावी की चिमटीत धरून ओढावी, हा वाद घालू नका. दोन्ही रीतींची तुलना झालेली आहे आणि महत्त्व फक्त वेळेला आहे असेच दिसले आहे. हाताला येईल तसे, लगेच, दोन-तीन सेकंदांत काढा. खरवडायला पर्समधले कार्ड शोधण्यात दहा सेकंद घालवलेत तर विष आत गेले.

नांगी काढली की त्या जागेवर स्मोकरचा, म्हणजे माश्या शांत करायच्या धुराड्याचा, धूर द्या आणि पेटीपासून दूर व्हा. तुटलेल्या नांगीतून पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो माश्यांचा धोक्याचा इशारा आहे, आयसोपेंटाइल ॲसिटेट नावाचे द्रव्य त्यात मुख्य असते. त्या वासावर दुसरी, तिसरी माशी तिथेच येऊन चावते. जुन्या हातमोज्यांत अशा नांग्या रुतून राहतात आणि पुढच्या खेपेला पेटी उघडताच माश्या हातावर धावतात. पुष्कळ लोक माश्यांना तापट म्हणतात, खरा दोष न धुतलेल्या हातमोज्यांचा असतो.

दुखण्याचे म्हणाल, तर विषाच्या कोरड्या वजनात जवळपास निम्मा वाटा मेलिटिन नावाच्या द्रव्याचा आहे. ते पेशींची आवरणे फोडते आणि वेदनेच्या नसा थेट चेतवते. त्याच्या जोडीला हायल्युरोनिडेज असते, ते ऊतींमधली वाट मोकळी करून विष पसरवते. फॉस्फोलायपेज ए२ प्रमाणाने कमी, पण ॲलर्जीत सर्वांत मोठा हात त्याचाच. चावण्याची जागाही फरक करते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या एका संशोधकाने स्वतःच्या शरीरावर २५ ठिकाणी माश्या चाववून घेऊन वेदनेला गुण दिले होते, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नाकपुडी आणि वरचा ओठ सर्वांत वर होते. डोक्याची टाळू, पायाच्या मधल्या बोटाचे टोक आणि दंड सर्वांत खाली. सूज मात्र वेगळा हिशेब ठेवते. पापणी, ओठ, कान इथली कातडी सैल असते, म्हणून कमी विषानेही तिथे फुगवटा मोठा येतो. तुमच्या सासूबाईंचा डोळा बंद झाला त्याचे कारण बहुधा एवढेच. डंख डोळ्याच्या बुबुळावर नसेल, नजर साफ असेल आणि अंगावर इतरत्र काही उठले नसेल, तर ती स्थानिक सूज आहे. बुबुळाला डंख लागला असेल तर मात्र नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवायला हवे, कारण नांगी आत राहून इजा करत राहते.

मोठ्या स्थानिक सुजेबद्दल थोडे, कारण ती मधपाळांना सर्वांत जास्त छळते. डंखाभोवती दहा सेंटीमीटरपेक्षा मोठी, एक दिवसाहून जास्त टिकणारी सूज या गटात मोडते. ती लगेच शिखरावर जात नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि पाच ते दहा दिवसांत पूर्ण उतरते. लालसर, गरम, खाजरी होते, कधी काखेत गाठ आल्यासारखे वाटते. त्यामुळे घाबरून माणूस दवाखान्यात जातो आणि प्रतिजैविक घेऊन परततो. पहिल्या दोन दिवसांतली लाली ही बहुतेक वेळा जंतुसंसर्ग नसते. सूज उतरायला लागल्यावर पुन्हा वाढली, ताप आला, पू दिसला, तर तो वेगळा मामला. घरी करायचे ते असे: चावताक्षणी अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा, सूज आल्यावर ते निघत नाही आणि कापायची वेळ येते. साबणाने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटे ठेवा, हात उशीवर उंच ठेवून झोपा. सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घरात ठेवा. ती खाज आणि सूज कमी करते. दुखण्याला पॅरासिटामॉल पुरते. दर वेळी हात असाच सुजत असेल, तर डॉक्टर दोन-तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, त्या मनाने घेऊ नयेत. ज्यांना फक्त मोठी स्थानिक सूज येते त्यांच्यापैकी पुढच्या डंखाने अंगभर त्रास होणारे शंभरात साधारण पाच ते दहा असतात. म्हणजे तुमचा प्रश्न मनगटाच्या सुजेवर थांबला असता, तर मी तुम्हाला सांभाळून काम चालू ठेवा असेच सांगितले असते.

चुना, कांदा, तंबाखू, लोखंड घासणे, रॉकेल, शेण यांबद्दल: विष कातडीच्या खाली गेलेले असते, वरून लावलेले काहीही त्याला मारत नाही. कांद्याने निदान इजा होत नाही. चुना डोळ्याजवळ लावला तर डोळा जाऊ शकतो. यापलीकडे या विषयावर वेळ घालवू नये.

आता त्या "अंग सरावते" या वाक्याकडे येतो. हे वाक्य मी गावोगावी ऐकले आहे आणि ते म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, कारण त्यांचे स्वतःचे अंग खरोखर सरावलेले असते. वारंवार डंख बसणाऱ्या बहुतेक लोकांच्या रक्तात आयजीजी४ नावाची प्रतिपिंडे वाढतात आणि ती विषाला आधीच अडवतात. १९८० च्या दशकात फ्रान्समधील मधपाळांची पाहणी झाली होती. वर्षाला २५ पेक्षा कमी डंख बसणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी अंगभर त्रास झालेला होता, तर वर्षाला २०० पेक्षा जास्त डंख बसणाऱ्यांत तसा एकही नव्हता. हे आकडे ऐकून कोणीही म्हणेल, मग डंख खावेतच की. पण ज्यांना पन्नासाव्या डंखाला रुग्णालय गाठावे लागले ते दोनशेपर्यंत पोचतच नाहीत. ते पेट्या विकून मोकळे होतात. म्हातारपणी उघड्या हाताने फ्रेम, म्हणजे पोळ्याची चौकट, काढणारे मधपाळ आपल्याला दिसतात, सोडून गेलेले दिसत नाहीत. दोनशे डंखांनी त्यांना वाचवले, की ज्यांना पहिल्यापासून धोका नव्हता तेच दोनशेपर्यंत टिकले, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही.

आणि ज्यांचे शरीर आयजीई नावाची दुसरी प्रतिपिंडे बनवू लागते, त्यांच्यात प्रत्येक डंख उलटा परिणाम करू शकतो. हे शास्त्राला कळले तेसुद्धा अंग सरावते हे दाखवण्याच्या प्रयत्नातून. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे फ्रेंच शास्त्रज्ञ कुत्र्यांना समुद्रफूल नावाच्या सागरी प्राण्याचे विष थोडे थोडे देऊन त्यांना विषाला तयार करू पाहत होते. पहिला डोस पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी पुन्हा डोस दिला आणि तो काही मिनिटांत दगावला. रिशे यांना या शोधासाठी १९१३ चे नोबेल मिळाले. आपल्या विषयातले उदाहरण हवे असेल तर स्पेनमध्ये ५५ वर्षांच्या एका बाई स्नायूंच्या ताठरपणासाठी दर चार आठवड्यांनी जिवंत माशीचा डंख घेत होत्या. दोन वर्षे त्यांना काही झाले नाही. मग एका डंखानंतर श्वास लागला, शुद्ध हरपली आणि त्या वाचल्या नाहीत. डॉक्टरांनी ती नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. मधमाशीच्या डंखाने सांधे बरे करण्याचे शिबिर कोणी भरवत असेल, तर तुम्ही त्या बाजूला फिरकूही नका.

तुमचे मधले काही महिने पेट्यांशिवाय गेले, हीसुद्धा साधी गोष्ट नाही. वर्षाकाठी थोडेच डंख आणि मध्ये लांब खंड, हीच स्थिती सर्वांत वाईट. महाबळेश्वर, जावळीकडे पावसाळ्यात पेट्या फारशा उघडत नाहीत. तिथले मधपाळ पावसाळा संपल्यावरच्या पहिल्या डंखांना जास्त जपतात, कारण सूज तेव्हाच मोठी येते. परागीभवनासाठी बहारापुरत्या पेट्या ठेवणारे शेतकरी दर वर्षी या खंडातून जातात, आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

पेटी उघडताना डंख न बसताच शिंका येतात का, नाक वाहते का, डोळे खाजतात का, हेही आठवून पाहा. मधपाळांमध्ये हे पुढच्या ॲलर्जीचे आगाऊ लक्षण ठरते. पुष्कळजण धुराला दोष देऊन सोडून देतात.

डॉक्टरांकडे जाताना काय मागायचे ते सांगतो. शक्य तर सोलापूर किंवा पुण्याच्या ॲलर्जीतज्ज्ञांना गाठा. रक्तात मधमाशीच्या विषाविरुद्धचे विशिष्ट आयजीई आणि ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या पेशींतून सुटणारे द्रव्य) या दोन तपासण्यांबद्दल विचारा. ट्रिप्टेज कायमच जास्त असणाऱ्यांना डंखाचा धोका फार मोठा असतो. त्रास झाल्यावर लगेच केलेली तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते. म्हणून ती साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात किंवा पुन्हा करतात. तुम्हाला किंवा सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी न्या. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या चालू असताना ॲनाफिलॅक्सिसवरचे मुख्य इंजेक्शन नीट लागू पडत नाही. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नका, बदल डॉक्टर करतील. काम करण्याआधी अंगदुखीसाठी आयब्रुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेण्याची सवय असेल तर तीही सांगा. अशा गोळ्यांनी ॲलर्जीचा झटका वाढू शकतो.

ते मुख्य इंजेक्शन म्हणजे ॲड्रेनालिन. परदेशात ते पेनाच्या आकारात तयार मिळते. आपल्याकडे सहसा एक मिलीलीटरची काचेची ॲम्प्युल मिळते, त्यात एक मिलीग्राम औषध असते. मोठ्या माणसाला अर्धा मिलीलीटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांनी लिहून दिले तर ॲम्प्युल, सिरिंज घेऊन ठेवा आणि भरायचे कसे ते तुम्ही आणि घरातला आणखी एक माणूस त्यांच्यासमोर शिकून घ्या. काच फोडून हात थरथरत असताना अर्धा मिलीलीटर भरणे सोपे नसते, म्हणून सरावाला साधे पाणी वापरा. ॲम्प्युल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका, औषध खराब होते.

एवढी घाई कशासाठी, तर ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा डंखापासून हृदय थांबेपर्यंतचा मधला काळ १५ मिनिटांचा निघाला. खाजेच्या गोळीला परिणाम दाखवायला अर्धा-पाऊण तास लागतो. गोळी घेऊन वाट पाहत बसणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. अंगभर गांधी, घसा आवळणे, आवाज बसणे, श्वासाची घरघर, उलटी, पोटात मुरडा, चक्कर यांतले काहीही दिसले की माणसाला आडवे करा, पाय उंच ठेवा, ॲड्रेनालिन द्या, १०८ ला फोन करा. दम लागत असेल तर पाठीला आधार देऊन अर्धवट बसवा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उठवून गाडीपर्यंत चालवत नेऊ नका. रक्तदाब कोसळलेला असताना एकदम उभे केल्याने माणसे दगावली आहेत. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेण्याची आपली पद्धत इथे घातक आहे. गाडी त्याच्यापर्यंत आणा. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयातच थांबायचे, कारण त्रास काही तासांनी दुसऱ्यांदा उसळू शकतो. तुमच्या गावापासून कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रात्रीही डॉक्टर असतो आणि ॲड्रेनालिन असते, हे आजच जाऊन विचारून ठेवा.

कायमचा उपाय म्हणून विषाची प्रतिकारचिकित्सा आहे. शुद्ध केलेले विष अत्यंत सूक्ष्म मात्रेपासून वाढवत १०० मायक्रोग्रामपर्यंत नेतात, ते साधारण एक-दोन डंखांइतके होते. मग दर चार ते आठ आठवड्यांनी तीन ते पाच वर्षे तेच चालू ठेवतात. मधपाळांना कधी २०० मायक्रोग्रामही देतात आणि पेट्या आहेत तोवर उपचार चालू ठेवायला सांगतात. मधमाशीच्या विषावर तो पाचातल्या चौघांना नीट लागू पडतो. जुन्या मधपाळाचे "डंख खा" आणि हा उपचार वरवर सारखे वाटतील. पण इथे मात्रा मोजलेली असते, शेजारी ॲड्रेनालिन भरून ठेवलेले असते आणि डॉक्टर समोर असतात. पेटीपाशी यातले काहीच नसते. आपल्याकडे हा उपचार मोजक्याच ठिकाणी होतो आणि खर्चही लागतो, म्हणून ॲलर्जीतज्ज्ञांना थेट विचारा की मधमाशीच्या विषाचा उपचार तुम्ही करता का, नसल्यास कोण करते.

सातेरी ठेवली तर चालेल का, असे तुम्ही पुढे विचाराल. सातेरी लहान असते, तिच्या एका डंखात विष कमी असते, पण तिच्या आणि मेलिफेराच्या विषात इतके साम्य आहे की एकीची ॲलर्जी असणाऱ्याने दुसरीवर भरवसा ठेवू नये. आग्या आणि फुलोरी या रानटी मधमाश्यांचेही तेच. बागेत कुठे आग्या मोहोळ लागले असेल तर ते माहितगाराकडून हलवून घ्या. तिथे प्रश्न एका डंखाचा राहत नाही. पन्नासाहून जास्त डंख बसले तर ॲलर्जी नसलेल्या माणसालाही रुग्णालयात दाखल करावे लागते, कारण एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात. डंख नसलेल्या लहान मधमाश्या आपल्याकडे भिंतींच्या आणि झाडांच्या पोकळीत असतात. त्यांचा मध अगदी थोडा निघतो, पण तुम्हाला मधमाश्यांची ओढ असेल तर त्या निर्धास्त पाळता येतील. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत त्याची चौकशी करा. मध खायला तुम्हाला सहसा हरकत नाही.

तपासणीनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तरच पुढे. मग एकटीने पेटी उघडायची नाही, हा पहिला नियम. फिकट रंगाचा पूर्ण पोशाख, पँटचे पाय बुटांत किंवा मोज्यांत खोचलेले, जाळीची चेन गळ्यापाशी जिथे संपते ती फट चिकटपट्टीने बंद. मेलिफेरा घोट्यावर आणि त्या फटीतच शिरते. सकाळी दहानंतर, ऊन पडल्यावर, कामकरी माश्या बाहेर असताना उघडा. ढगाळ हवेत, वारा असताना किंवा फुलोरा एकदम संपल्यावर उघडू नका, तेव्हा त्या चिडलेल्या असतात. स्मोकरमध्ये गोणपाट किंवा वाळकी गोवरी जाळा, धूर गार आणि पांढरा हवा. फ्रेम सावकाश, सरळ वर उचला, माशी चिरडू देऊ नका, कारण चिरडलेल्या माशीतूनही तो इशाऱ्याचा वास सुटतो.

आता सासूबाई. मधपाळांच्या घरातली माणसे कधीमधीच चावा खातात आणि पोशाखावरचे वाळलेले विष मात्र रोज श्वासातून, हातांतून घेतात, त्यामुळे त्यांच्यात ॲलर्जी तयार होऊ शकते. पोशाख आणि हातमोजे घरात आणू नका, गोठ्यात किंवा शेडमध्ये टांगा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, धुणाऱ्याने तोंडाला फडके बांधावे. आणि पेट्या अंगणाजवळ असतील तर हलवा. पन्नास-साठ मीटर सरकवून भागणार नाही, माश्या जुन्या जागीच परत येऊन अंगणात घोंघावतील. मधपाळाला सांगून रात्री तोंडे बंद करून पेट्या चार-पाच किलोमीटर लांब न्यायला सांगा, तिथे दोन-तीन आठवडे ठेवा, म्हणजे त्या जुनी जागा विसरतील. मग बागेच्या पलीकडच्या बांधावर, तोंडे घराच्या विरुद्ध दिशेला करून आणा. पेट्यांच्या पुढे पुरुषभर उंचीचे शेडनेट किंवा शेवरीचे कुंपण केले की माश्या वर उडून जातात, माणसांच्या डोक्याच्या उंचीवर राहत नाहीत. पाण्याची उथळ परात पेट्यांजवळच ठेवा, नाहीतर त्या तुमच्या मोरीवर आणि जनावरांच्या हौदावर येतात. तपासणीच्या चार-सहा आठवड्यांतले निम्मे दिवस या हलवाहलवीतच जातील, तेवढ्यात तुमचा अहवालही हाती येईल.